थंडाव्याचा जनक

एप्रिल उजाडला की नाशिकच्या गॅरेजांत मोटारींची गर्दी होते. एसी गार हवा देईनासा झालेला असतो आणि गॅस भरून द्या, एवढे सांगून मालक मोकळे होतात. या गॅसच्या घराण्याचा मूळपुरुष मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. त्यांचे नाव थॉमस मिजली.

मिजली यांचा जन्म १८८९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. शिक्षणाने ते यंत्र अभियंता. रसायनशास्त्र त्यांनी काम करता करता आत्मसात केले. १९१६ मध्ये ते चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती त्यांनी १९२१ मध्ये शोधली. त्या शिशाची बाधा त्यांना स्वतःला झाली, कारखान्यांत कामगार दगावले. तरी ते पेट्रोल जगभर खपले. भारतात ते २००० साली बंद झाले.

१९२८ मध्ये केटरिंग यांनी त्यांच्यावर नवी कामगिरी सोपवली. त्या काळी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. नळी गळली की माणसांच्या जिवावर बेतत असे. मिजली आणि सहकाऱ्यांनी अल्पावधीतच विषारी नसलेला, पेट न घेणारा वायू तयार केला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. हाच फ्रिऑन. पुढे दहा वर्षांत तो मोटारींच्या एसीतही आला.

१९४० मध्ये मिजली यांना पोलिओने अंथरुणाला खिळवले. उठता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांची योजना केली. १९४४ मध्ये त्याच दोरांत गळा अडकून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

घरात निरुपद्रवी असलेला हा वायू आकाशात ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. मोटारींत त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही. पण पृथ्वी तापवण्यात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक भारी पडतो.

म्हणूनच गॅरेजात थोडी चौकशी करावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे. सांध्यांवर तेलकट डाग दिसतात का, पुढच्या जाळीला खड्याचा मार बसला आहे का, हे आधी पाहावे. कित्येकदा दोष गॅसचा नसतोच. धुळीने तुंबलेला फिल्टर किंवा जाळी साफ केली की काम भागते. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्रात काढून घ्यायला सांगावे, गळती बुजवावी, नळ्यांतील हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी आणि मगच कंपनीने ठरवलेल्या वजनाइतका गॅस भरावा.

मिजली यांनी माणसाच्या छातीचा विचार केला, आभाळाचा विचार त्या काळी कोणालाच सुचला नव्हता. आपल्याला मात्र सारे ठाऊक आहे.