मुदत आणि चिकाटी

आपल्या मावळात तळेगावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे. त्यांचे शिक्षण मात्र परदेशी, शिष्यवृत्तीच्या अटींत झाले. १८९१ साली जन्मलेले बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदे संस्थानला १० वर्षे नोकरीचा करार लिहून देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनचा अभ्यास अपुरा असतानाच मुदत संपली. १९१७ मध्ये परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची विद्यापीठाची परवानगी तेवढी हाती होती. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून त्यांनी शिल्लक टाकली. शाहू महाराजांचे साह्य व नवल भथेनांचे कर्ज मिळाले. १९२० मध्ये ते लंडनला परतले. इकडे रमाबाईंनी काटकसरीने घर सांभाळले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. भगिनींनो, मुलांचे अर्ज अडकले तर धीर सोडू नये. मुदत मात्र ध्यानात ठेवावी.