आचार्य धर्मानंद कोसंबी : श्रद्धा आणि शंका

हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये वसलेल्या नवनगरात काय किंवा घाटाखाली गोव्यातील मूळ गावी काय, महाजन कुटुंबांत एक दृश्य हल्ली सर्रास आढळते. एकाच घरात कोणी नित्यनेमाने देवपूजा करणारा असतो, कोणी केवळ जत्रेला आणि पालखीला हजर राहणारा, कोणी देव मानून कर्मकांड न मानणारा, तर कोणी देवच न मानणारा. वडीलधाऱ्यांना यामुळे चिंता वाटते. देव न मानणारा मनुष्य धर्मालाही मुकला असे समजावे काय? या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच सारस्वत समाजात जन्मलेल्या आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे चरित्र डोळ्यांसमोर आणणे उद्बोधक ठरेल.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे झाला. श्रीलक्ष्मीनृसिंहाची मूर्ती धर्मच्छळाच्या काळात, १५६७ साली, ज्या गावाहून वेलिंगला न्यावी लागली, तेच हे सांखवाळ. शालेय शिक्षण फार झाले नाही. नारळीच्या बागायतीची देखरेख अंगावर पडली आणि लहान वयातच विवाह झाला. मन मात्र संसारात रमेना. या अस्वस्थतेत त्यांना प्रथम आधार मिळाला तो तुकोबांच्या गाथेचा. पुढे १८९७ साली ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घेण्याचा ध्यास त्यांना लागला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्या माउलीने सोसलेले दुःख विसरून हे चरित्र सांगणे न्यायाचे होणार नाही. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या आश्रयाने त्यांना प्रार्थनासमाजाचा, म्हणजे मूर्तीवाचून एकेश्वराची उपासना करणाऱ्यांचा, सहवास लाभला. नंतर काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नेपाळात पायपीट करून गेले, परंतु तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. अखेर १९०२ साली सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी दीक्षा घेतली व पालीचे अध्ययन केले. पुढे ब्रह्मदेशात ध्यानसाधनाही केली.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. बुद्धाच्या धर्मात सृष्टिकर्त्या ईश्वराला आणि नित्य आत्म्याला स्थान नाही. तुकोबांच्या विठ्ठलापासून निघालेला हा मनुष्य ईश्वर न मानणाऱ्या धर्मापाशी येऊन स्थिरावला, तरी त्याचे आचरण सैल झाले नाही. उलट अहिंसा, सत्य आणि अपरिग्रह यांचे बंधन अधिकच कडक झाले. चीवर उतरवून १९०६ साली ते गृहस्थाश्रमात परतले. कलकत्त्यात पाली शिकवण्याची सोय झाली होती. परंतु महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले आणि कलकत्ता सोडले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात अनेक वेळा जाऊन त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संशोधित संपादन केले. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवून त्यांनी पु. वि. बापटांसारखे विद्वान तयार केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन कारावासही सोसला.

बुद्धावर एवढी निष्ठा असूनही त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही सर्वपरिचित कथा त्यांनी इतिहास म्हणून स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह व त्यातून निघणारी शस्त्रे हे त्यागाचे कारण असावे, असे त्यांनी प्रतिपादिले. श्रद्धा आणि शंका त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

त्यांचे सुपुत्र दामोदर हे थोर गणिती आणि मार्क्सवादी इतिहासकार झाले. पित्याचा मार्ग पुत्राने जसाच्या तसा स्वीकारला नाही, तरी ज्ञानाची निष्ठा आणि निर्भयता हा वारसा सोडला नाही. पिता बौद्ध आणि पुत्र मार्क्सवादी असूनही सत्यशोधनाची घराण्याची परंपरा खंडित झाली नाही.

वृद्धापकाळी देह व्याधिग्रस्त झाला. आपल्या हातून लोकसेवा होत नाही असे पाहून पार्श्वनाथांच्या परंपरेस अनुसरून त्यांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे शांतपणे देह ठेवला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले.

मनुष्याची श्रद्धा आयुष्यभर एकाच पायरीवर राहते असे नाही. देवळाच्या पायऱ्यांवर कोणी गर्भागारापाशी उभा असतो, कोणी सभामंडपात, तर कोणी बाहेर दीपस्तंभापाशीच थांबतो. बाहेर थांबलेल्याचे महाजनपण म्हणून नाहीसे होत नाही. घरातील तरुण शंका विचारू लागला तर त्याला नास्तिक म्हणून दूर लोटण्यापूर्वी त्याच्या वाणीत सत्य आणि वागण्यात दया आहे की नाही, एवढे पाहावे. सांखवाळच्या या सुपुत्राच्या चरित्रातून आपण घ्यावयाचा बोध हाच होय. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.