कराची ते जुहू : सव्वासात तास

माझ्या आजीचे माहेर कराचीचे. फाळणीनंतर ती बोटीने मुंबईला आली, ती कायमचीच. कराची किती लांब आहे, असे आम्ही मुलांनी विचारले की ती मैल सांगत नसे, प्रवासाचे दिवस सांगे. जे. आर. डी. टाटांच्या आयुष्याकडे पाहताना मला तिचा हा हिशेब हटकून आठवतो.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, वडील पारशी. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टीत पाहिलेल्या विमानांनी या मुलाला जे वेड लावले ते अखेरपर्यंत सुटले नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

त्या काळी लंडनची टपाल विमानाने कराचीपर्यंत येई आणि पुढे आगगाडीच्या गतीने सरके. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या कल्पनेतून टाटांनी हा उरलेला टप्पा हाती घेतला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान घेऊन जेआरडी कराचीच्या द्रिघ रोड धावपट्टीवरून एकटेच निघाले. सोबतीला ना रेडिओ, ना कोणी वाटाड्या. अहमदाबादला पेट्रोल भरून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. सुमारे हजार किलोमीटर, सव्वासात तास. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतची टपाल व्हिन्सेंटने नेली. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याला हलवावी लागत. ‘एअर इंडिया’चा उगम हा असा आहे.

८ जून १९४८ ला याच कंपनीची ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला झेपावली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. ते जेआरडींना रुचले नव्हते, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपद त्यांनी जिव्हाळ्याने सांभाळले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते ‘लेपर्ड मॉथ’ या छोट्या विमानातून पुन्हा कराचीहून जुहूला आले. मधल्या पन्नास वर्षांत त्याच वाटेवर सरहद्द उभी राहिली होती. वर्तमानपत्रातला तो फोटो आजी बराच वेळ पाहत बसली. वरून कराची कशी दिसली असेल, एवढेच तिने विचारले.

२९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात जेआरडी गेले. आजी त्याआधीच गेली होती, कराची पुन्हा न पाहता.

दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर आजही पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. जेटला दीड तास पुरावा. पण थेट विमानच नाही. दुबईमार्गे जायचे तर तीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो, आणि मधला मुक्काम धरला तर जेआरडींच्या सव्वासात तासांत कराची गाठेलच, याची खात्री देता येत नाही. आजी मैल का सांगत नसे, ते आता कळते.