युरियापलीकडचे व्होलर

फ्रेडरिक व्होलर हे नाव शाळेत युरियापुरते येते. १८२८ साली त्यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवला, धडा संपला. पण व्होलर मुळात डॉक्टर. जन्म १८०० चा, फ्रँकफर्टजवळचा. १८२३ मध्ये हायडलबर्गची वैद्यकीय पदवी. पोटात गेलेले पदार्थ लघवीवाटे कसे बाहेर पडतात, हे ते विद्यार्थी असतानाच तपासत होते. शिक्षक ग्मेलिन यांनी त्यांना रसायनशास्त्राकडे वळवले. वैद्यकाचे त्यात नुकसान झाले नाही.

१८३२ मध्ये पत्नी गेली. खचलेले व्होलर गीसनला मित्र लीबिगकडे गेले आणि दोघे कडू बदामाच्या तेलावर कामाला लागले.

१८४४ मध्ये गटिंगेनला त्यांच्या हाती धातूसारखे चकाकणारे हिरवे स्फटिक आले. पिवळे क्विनोन आणि रंगहीन हायड्रोक्विनोन, पक्क्या रासायनिक बंधाशिवाय एकाच स्फटिकात शेजारी बसलेले. आज याला सहस्फटिक म्हणतात.

औषध पोटात विरघळले नाही, तर गोळी घेऊनही रुग्ण तसाच राहतो. अशा हट्टी औषधाशेजारी निरुपद्रवी, विरघळणारा रेणू बसवला की स्फटिकाची वीण बदलते आणि पुष्कळदा औषध लवकर विरघळते. औषधाचा रेणू मात्र तोच. भांडुपच्या दुकानातही मिळणाऱ्या सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन या हृदयविकारावरच्या औषधाची मूळ गोळी याच कुळातली. तिथे दोन्ही शेजारी औषधेच. (प्रत्येक कंपनीची गोळी तशी असेलच असे नाही.)

व्होलर १८८२ मध्ये गटिंगेनलाच वारले.