सरखेल कान्होजी आंग्रे

अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात एक काळाकभिन्न दुर्ग उभा आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवरून माणूस पायी चालत त्याच्या दरवाजापर्यंत जातो. भरती आली म्हणजे तोच दुर्ग चहूबाजूंनी लाटांनी वेढला जातो. हा कुलाब्याचा किल्ला. छत्रपती शिवाजी महाराजांनी आपल्या आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत त्याचे काम आरंभिले व संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी येथे एका अशा पुरुषाचे ठाणे होते, की ज्याचे नाव निघताच मुंबईच्या इंग्रजांची, गोव्याच्या पोर्तुगीजांची आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची झोप उडत असे. तो पुरुष म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या आपल्या गावावरून ते आंग्रे म्हणवू लागले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते व सुवर्णदुर्गावर त्यांचे वास्तव्य होते. त्यामुळे कान्होजींचे बाळपण समुद्राच्या सान्निध्यात गेले. वारा कोणत्या महिन्यात कोणीकडून वाहतो, कोणत्या खाडीत किती पाणी असते, खडक कोठे दडलेले असतात, हे त्यांना कोळ्याभंडाऱ्यांच्या मुलांबरोबर खेळता खेळताच कळले. सुवर्णदुर्गाला सिद्दीचा वेढा पडला असता किल्लेदार फितूर झाल्याचे तरुण कान्होजींच्या ध्यानी आले आणि त्यांनी त्यालाच कैद करून किल्ला लढविला, अशी एक कथा परंपरेने चालत आली आहे.

तो काळ स्वराज्याच्या कसोटीचा होता. औरंगजेब बादशहा दक्षिणेत तळ देऊन बसला होता आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीस जाऊन राहावे लागले होते. अशा धामधुमीत कोकणपट्टीचे किल्ले आणि उरलेसुरले आरमार सांभाळण्याचे काम कान्होजींनी केले. १६९८ साली आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर वारले व ती जबाबदारी कान्होजींवर आली. त्यांना सरखेल हा किताब मिळाला. सरखेल म्हणजे आरमाराचा अधिपती.

कान्होजींची जहाजे युरोपियनांच्या मानाने लहान असत. गुराब आणि गलबत हे त्यांचे दोन मुख्य प्रकार. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे जहाज. गलबत त्याहून लहान, चपळ आणि चाळीसपन्नास वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला म्हणजे इंग्रजांचे प्रचंड जहाज जागच्या जागी खिळून राही. त्या वेळी गलबते गुराबांना दोर बांधून ओढून नेत व शत्रूच्या पिछाडीवर आणून सोडीत. जहाजाच्या पिछाडीस तोफा थोड्या असतात. तेथून मारा करून शिडे व डोलकाठ्या मोडल्या, की मराठे तरवारी घेऊन शत्रूच्या जहाजावर उड्या टाकीत. किनारा जवळ असल्यास ही उथळ बांधणीची जहाजे खाडीत शिरून दिसेनाशी होत. मोठ्या जहाजांना तेथवर पाठलाग करणे शक्य नसे. ही सर्व नौका सागवानी लाकडाच्या असत. आलापल्लीच्या अरण्यातील उंच, सरळ सागवृक्ष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या लाकडाची योग्यता सांगावयास नको. सागाच्या अंगी तेल असते. त्यामुळे तो पाण्यात सहसा कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. कोकणाला असा साग सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांतून मिळत असे.

परंतु कान्होजी आणि परकीय सत्ता यांच्यात खरा तंटा होता तो एका प्रश्नावरून. समुद्र कोणाचा? पोर्तुगीज प्रथम या किनाऱ्यावर आले तेव्हापासून ते हिंदी व्यापाऱ्यांच्या जहाजांना आपले परवाने घ्यावयास लावीत व परवाना नसलेले जहाज खुशाल पकडीत. जवळजवळ दोनशे वर्षे हा शिरस्ता चालला होता आणि त्याला कोणी चाचेगिरी म्हणत नव्हते. कान्होजींनी तोच नियम उलटा फिरविला. कोकणचा किनारा छत्रपतींचा आहे, तेव्हा त्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने छत्रपतींच्या सरखेलाचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतला पाहिजे, असे त्यांनी जाहीर केले. दस्तक नसेल तर जहाज व माल जप्त होई. इंग्रजांना हे मान्य नव्हते. समुद्र सर्वांना मोकळा आहे, असे ते म्हणत. त्यात आणखी एक मेख होती. हिंदी व्यापारी दस्तकाचा पैसा वाचविण्यासाठी आपला माल इंग्रजी निशाणाखाली नेत आणि इंग्रज त्यांना ते निशाण लावू देत. मग निशाण इंग्रजांचे पण माल सुरतेच्या सावकाराचा, अशा जहाजाला इंग्रजी म्हणावयाचे की नाही?

या वादाला १७१२ च्या नोव्हेंबरात भयंकर वळण लागले. कारवार येथील इंग्रजांच्या वखारीचा नवा मुख्य अधिकारी चाऊन हा आपल्या तरुण पत्नीसह मुंबईहून निघून कारवारकडे, किंवा कारवारहून मुंबईकडे, कोठेही जावयाचे झाले तरी वाट एकच होती आणि ती कान्होजींच्या किल्ल्यांवरून जात होती. मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका आणि ॲन नावाचे कंपनीचे जहाज असा तो ताफा होता. कान्होजींच्या जहाजांनी तो गाठला. गव्हर्नराच्या नौकेने निकराने तोंड दिले. पण तिची डोलकाठी तुटून पडली, दारूगोळा संपला आणि तोफेचा गोळा लागून चाऊन मरण पावला. तेव्हा निशाण खाली उतरले. नौकेवर जे जिवंत उरले होते ते सर्व कैद झाले. त्यांत चाऊनची पत्नी कॅथरीन हीही होती.

मुंबईत एकच खळबळ उडाली. व्यापारी जहाज पकडले जाणे इंग्रजांना नवे नव्हते. पण येथे प्रत्यक्ष गव्हर्नराची नौका, तिच्यावरील लढवय्ये आणि एक विधवा झालेली इंग्रज स्त्री कुलाब्यास अडकून पडली होती. गव्हर्नर ॲस्लाबी याच्यापुढे पेच पडला. कुलाब्यावर चाल करून जावे, तर मुंबईत तेवढे बळ नव्हते. स्वस्थ बसावे, तर कंपनीची अब्रू जात होती. त्याने पत्रे लिहिली. कान्होजींना हे कैदी म्हणजे करार घडवून आणण्याचे साधन वाटत होते. ज्या स्त्रीचा या तंट्याशी काही संबंध नव्हता, तिला तीन महिन्यांहून अधिक काळ अडकवून ठेवणे हे मात्र, तो काळ ओलीस धरण्याचा होता असे म्हटले तरी, मनाला खटकल्यावाचून राहत नाही.

कान्होजींनाही मिटवामिटवी हवीच होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते व ताराबाई आणि शाहू यांच्यात गादीसाठी लढाई जुंपली होती. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. साताऱ्याहून आपल्यावर फौज येणार हे त्यांना दिसत होते. डोंगराकडून एक शत्रू आणि समुद्राकडून दुसरा, असे दोन्हीकडे एकदम लढणे शहाणपणाचे नव्हते. कोणी जबाबदार इंग्रज कुलाब्यास बोलणे करण्यास पाठवावा, असा निरोप त्यांनी मुंबईस धाडला. १७१३ च्या फेब्रुवारीत लेफ्टनंट मॅकिंटॉश हा ३०,००० रुपये घेऊन कुलाब्यास गेला आणि कैद्यांना घेऊन परतला.

पैशापेक्षा या प्रसंगी झालेला करारच अधिक महत्त्वाचा आहे. कान्होजींनी इंग्रजांची जहाजे न अडविण्याचे आणि माहीम व खांदेरी यांच्या दरम्यानच्या बंदराच्या पाण्यात कोणत्याही जहाजाला उपद्रव न देण्याचे कबूल केले. इंग्रज व्यापाऱ्यांनी जकात भरून त्यांच्या बंदरांत यावे, असेही ठरले. उलट इंग्रजांनी मान्य केले, की जी जहाजे खरोखर आपली आहेत त्यांनाच आपण इंग्रजी निशाण लावू देऊ. ज्याला ते चाचा म्हणत होते, त्याच्याशी एखाद्या राज्याशी करावा तसा तह त्यांना करावा लागला.

इकडची चिंता मिटताच कान्होजी साताऱ्याकडे वळले. शाहू महाराजांनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले होते. कान्होजींनी त्यांचा पराभव करून खुद्द पेशव्यांनाच कुलाब्यास कैदेत ठेवले! आता सातारा दरबाराची पाळी आली. शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले आणि त्यांना कान्होजींकडे बोलणे करण्यास पाठविले. बाळाजीपंत मूळचे कोकणातले, श्रीवर्धनचे; त्यांना कान्होजींचे मन ठाऊक होते. भाऊबंदकीचा फायदा सिद्दी आणि फिरंगी घेतील, हे त्यांनी पटवून दिले. १७१४ च्या आरंभी समेट झाला. बहिरोपंत मुक्त झाले, कान्होजींनी शाहू महाराजांची सेवा पत्करली आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग इत्यादी दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे कायम झाली. सरखेलीही त्यांच्याकडेच राहिली.

इंग्रजांशी झालेला तह फार दिवस टिकला नाही. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. पकडलेल्या जहाजावरील माल इंग्रजांचा की हिंदी व्यापाऱ्याचा, हा जुना वाद पुन्हा उपस्थित झाला. बूनने मुंबईभोवती तट बांधला, लढाऊ जहाजे बांधविली आणि तो युद्धास सिद्ध झाला. विजयदुर्गावरील हल्ला फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवरील हल्लाही फसला. १७२० साली इंग्रजांनी तरंगता तोफखाना तयार करून तो पुन्हा विजयदुर्गावर नेला. तोही निरुपयोगी ठरला. शेवटी इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला आणि १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. शाहू महाराजांच्या आज्ञेवरून मराठ्यांचे घोडदळ कान्होजींच्या मदतीस धावले. त्यात तरुण बाजीराव पेशवेही होते. हल्ला मोडला. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि दोघे मित्र एकमेकांना दोष देत परतले. १७२४ साली डच लोकांनी सात जहाजे घेऊन विजयदुर्गावर आपले नशीब आजमावून पाहिले. त्यांनाही हात हलवीत परत जावे लागले.

या लढायांच्या काळातही कैदी होतेच. शार्लट नावाच्या इंग्रजी जहाजावरील माणसे विजयदुर्गास अडकून पडली होती, तशीच कान्होजींची माणसे मुंबईस. १७२४ साली कान्होजींनी गव्हर्नर फिप्स याच्याशी पुन्हा तहाचे बोलणे काढले. आधी युरोपियन कैदी सोडा, मग तहाचे पाहू, असे फिप्सचे म्हणणे. आधी तह व्हावा, मग कैदी आपोआप सुटतील, असा कान्होजींचा आग्रह. पत्रे गेली, पत्रे आली, दोघांचाही परस्परांवर विश्वास नव्हता आणि कायमचा तह असा झालाच नाही. अंधारकोठडीत दिवस मोजणाऱ्या दोन्हीकडच्या खलाशांना समुद्र कोणाचा या प्रश्नाचे काय वाटत असेल, ते कोणी लिहून ठेविलेले नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे देहावसान झाले. तीस वर्षांच्या सरखेलीत त्यांच्या मुख्य जलदुर्गांपैकी एकही इंग्रज, पोर्तुगीज किंवा डच यांना घेता आला नाही. त्यांच्यामागे त्यांच्या पुत्रांत वाटण्या झाल्या, कलह माजला, आणि १७५६ साली पेशव्यांच्याच संमतीने इंग्रजांनी विजयदुर्ग घेऊन तेथील आंग्रे आरमार जाळून टाकले.

कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे. खांदेरीच्या दीपगृहाला त्यांचे नाव आहे. १९५१ साली भारतीय नौदलाने आपल्या मुंबईच्या ठाण्याचे नाव आय. एन. एस. आंग्रे असे ठेविले. त्या ठाण्याच्या आवारात एका जुन्या किल्ल्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. तो इंग्रजांचा मुंबईचा किल्ला. ॲस्लाबी आणि बून यांचा कारभार येथूनच चालत असे.