कप्तान सर जेम्स अँडरसन

मुंबईहून लंडनला समुद्राखालून तार जाऊ लागली ती १८७० साली. त्या मार्गाचा कारभार पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ज्यांनी पाहिला ते सर जेम्स अँडरसन मूळचे जहाजाचे कप्तान होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील डम्फ्रीस येथे १८२४ साली झाला. सोळाव्या वर्षी ते व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून चढले आणि पुढे क्युनार्ड कंपनीत कप्तान झाले. इथवरचे चरित्र त्या काळच्या कितीतरी कप्तानांचे असेल.

१८६५ साली 'ग्रेट ईस्टर्न' त्यांच्या स्वाधीन झाले. ६९२ फूट लांबीचे हे जहाज तेव्हा जगात सर्वांत मोठे. उतारूंच्या धंद्यात मात्र त्याने मालकांना बुडविले होते. पण आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंतची सारी केबल पोटात घेईल असे दुसरे जहाजच नव्हते. सुमारे बाराशे मैल केबल टाकून झाली आणि २ ऑगस्टला ती तुटून दोन मैल खोल पाण्यात गेली. गळ टाकून शोध सुरू झाला. केबल गळाला लागे, वर येऊ लागे आणि दोर तुटे. अखेर दोरच संपला, तेव्हा जहाज परत फिरले. भागधारकांचे लाखो पौंड समुद्राच्या तळाशी राहिले.

पुढच्याच वर्षी, २७ जुलै १८६६ रोजी, नवी केबल पलीकडे पोचली. तेवढ्यावर थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. अँडरसन मात्र जहाज घेऊन पुन्हा भर समुद्रात गेले. तेथे ना बेट, ना खडक. नौदलाचे मॉरिआर्टी यांनी सूर्यावरून काढलेले अक्षांश-रेखांश हीच काय ती खूण. (गणिताच्या तासाला जांभया देणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) सप्टेंबरच्या आरंभी जुनी केबल वर आली, जोडली गेली आणि तीही बोलू लागली. अँडरसन यांना 'सर' हा किताब मिळाला.

त्यानंतर लवकरच त्यांनी समुद्र सोडून कचेरी धरली. मुंबई ते एडन केबल १८७० साली त्याच 'ग्रेट ईस्टर्न'ने टाकली, तेव्हा कप्तान होते त्यांचे पूर्वीचे दुय्यम अधिकारी हॉल्पिन. १८७२ साली काही कंपन्या एकत्र होऊन ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी निघाली. जॉन पेंडर चेअरमन, अँडरसन मॅनेजिंग डायरेक्टर. माझ्या मते ही जोडी योग्यच होती. पेंडर यांना भांडवल उभे करता येई. तुटलेली केबल उचलणे म्हणजे काय, हे अँडरसन यांनी स्वतः अनुभवले होते. हिशेबातही ते कच्चे नव्हते. त्याच वर्षी त्यांनी तारखात्याच्या आकडेवारीवर लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. तारेचे दर मात्र इतके चढे असत की व्यापारी आणि सरकार यांच्याखेरीज तिचा उपयोग फार थोड्यांना झाला, हेही सांगितले पाहिजे.

१८९३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच पदावर होते.