लेडी जेन फ्रँकलिन : वाट पाहणारी पत्नी

ज्या घरी मृत्यू होतो तेथे मंडळी जमते, प्रार्थना होते, कबरेवर माती पडते, आणि दुःखाला निदान एक जागा मिळते. परंतु ज्या घरचे माणूस गेले आणि त्याचे पुढे काय झाले हेच कळले नाही, त्या घरी जाऊन काय बोलावे? आमच्या सेवेच्या काळात अशा एका घरी बसण्याचा प्रसंग आम्हांस आला आहे. मुलगा कामासाठी मुंबईस गेला तो परतला नाही, आणि आई कित्येक वर्षे रोज रात्री त्याच्या वाट्याची भाकरी झाकून ठेवीत असे. त्या माउलीची आठवण होऊन इंग्लंडातील एका बाईंची हकीकत आज वाचकांस सादर करीत आहो.

जेन ग्रिफिन ह्यांचा जन्म सन १७९१ साली लंडन शहरी, रेशमाच्या धंद्यातील एका सधन गृहस्थाच्या घरी झाला. सन १८२८ त जॉन फ्रँकलिन ह्या आरमारी अधिकाऱ्याशी त्यांचे लग्न झाले. साहेबांची पहिली पत्नी वारली होती व तिची एलेनॉर नावाची लहान मुलगी घरात होती. पुढे साहेब टास्मानिया बेटाचे गव्हर्नर झाले, तेव्हा बाईही सहा-सात वर्षे तेथे राहिल्या.

उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरील बर्फाच्या समुद्रातून पॅसिफिक महासागरास जाणारी वाट शोधावी, अशी इंग्रजांची फार दिवसांची खटपट होती. ता. १९ मे १८४५ रोजी एरेबस व टेरर ही दोन जहाजे ह्या कामी निघाली. मुख्य फ्रँकलिनसाहेब होते. त्यांचे वय ५९ वर्षांचे होते. बरोबर तीन वर्षांचा शिधा होता. ग्रीनलंडाहून पाच जण परत पाठविल्यावर १२९ माणसे उरली. जुलैच्या अखेरीस देवमासे मारणाऱ्या गलबतांतील लोकांनी त्यांस पाहिले. त्यानंतर कोणाही गोऱ्या माणसाने त्यांस जिवंत पाहिले नाही.

सन १८४८ पासून शोध सुरू झाला. सरकारने वीस हजार पौंडांचे बक्षीस लावले. बाईंनी अमेरिकेच्या प्रेसिडेंटास पत्र लिहिले, स्वतःच्या पैशाने जहाजे पाठविली, आणि शोधास निघणाऱ्यांच्या हाती पतीच्या नावे पत्रे दिली. ती पत्रे न फोडलेलीच परत येत. सन १८५० त बीची बेटावर त्या जहाजांतील तिघांच्या कबरी सापडल्या. पुढील वाट मात्र सापडली नाही.

ह्या खर्चापायी घरात तेढ पडली. एलेनॉर आता एका पाळकाची पत्नी झाली होती. बाप मेला असेल तर त्याची मिळकत अशी उधळणे बरे नव्हे, असे तिचे व तिच्या पतीचे म्हणणे. बाप जिवंत असेल तर पैसा राखावा कशास, असे बाईंचे. आम्हांस तर दोघींपैकी एकीलाही दोष देववत नाही. माणूस आहे की नाही हेच ठाऊक नसले म्हणजे एकाच घरात दोन न्याय उभे राहतात.

सन १८५४ त आरमार खात्याने जाहीर केले की, ३१ मार्चनंतर ह्या सर्वांस मृत समजून त्यांची नावे पटावरून काढावी. बाईंनी विधवेचे पेन्शन नाकारले, आणि अंगावरील काळी वस्त्रे टाकून रंगीत वस्त्रे घातली. पुष्कळांस हे वेडेपण वाटले. येथे इतर शंभरावर घरांचीही आठवण आम्हांस होते. खलाशांच्या बायकांस प्रेसिडेंटास पत्र लिहिणे कोठून जमणार? नाव पटावरून गेले म्हणजे पगारही गेला.

त्याच वर्षी डॉक्टर जॉन रे ह्या प्रवाशास त्या मुलुखातील इन्युइट लोक भेटले. ह्यांस पूर्वी एस्किमो म्हणत. त्यांनी सांगितले की, सुमारे चाळीस गोरे लोक होडी ओढीत दक्षिणेकडे जात होते, ते उपासमारीने मेले, आणि शेवटी जगण्यासाठी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांसही खाल्ले. साहेबांचे चांदीचे चमचे व मानचिन्ह ह्या लोकांपाशी होते. इंग्लंडात मोठा क्षोभ झाला. अडाणी लोकांच्या तोंडच्या गोष्टीवर विश्वास का ठेवावा, असे चार्ल्स डिकन्स ह्या ग्रंथकारानेही छापून लिहिले. बाईही रे ह्यांच्यावर रुष्ट झाल्या. परंतु पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा दिसल्या, व त्या लोकांचे म्हणणे खरे ठरले. ज्यांस कोणी विचारीत नव्हते त्यांसच खरी वार्ता ठाऊक होती.

सन १८५७ त बाईंनी फॉक्स नावाचे जहाज घेऊन कॅप्टन मॅक्‌क्लिंटॉक ह्यांस पाठविले. सन १८५९ त किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगाऱ्यात त्यांच्या लोकांस एक कागद मिळाला. त्यावर प्रथम सर्व कुशल असल्याचे लिहिले होते. मग कडेच्या कोऱ्या जागेत, दुसऱ्या वर्षी, लिहिले होते की फ्रँकलिनसाहेब ११ जून १८४७ रोजी वारले, आणि उरलेले १०५ जण बर्फात अडकलेली जहाजे सोडून पायी निघत आहेत. म्हणजे पहिले शोधक निघण्यापूर्वीच साहेब गेले होते. बाईंनी बारा वर्षे ज्यांची वाट पाहिली ते जगात नव्हतेच.

इतके कळल्यावर तरी त्या स्वस्थ बसल्या काय? नाही. पतीची कबर कोठे आहे, जहाजांवरील दप्तर कोठे गेले, हे कागदावर नव्हते. सन १८७५ च्या जून महिन्यात पँडोरा हे जहाज उत्तरेकडे निघाले, त्यासही बाईंचे साहाय्य होते. ते समुद्रातच असता १८ जुलै रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, बाईंचा अंत झाला.

एरेबस सन २०१४ त व टेरर २०१६ त समुद्राच्या तळाशी सापडले. पहिले जहाज इन्युइट वृद्धांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या भागातच होते, व दुसऱ्याची जागा त्याच लोकांतील एका गृहस्थाने दाखविली. फ्रँकलिनसाहेबांची कबर अद्याप कोणास सापडलेली नाही.